थांबण्याचे गुरुवार

एल आल्तोच्या बाजारात, जिथे जुन्या बिजागऱ्या
आणि मेलेले फोन एकाच चादरीवर मांडतात,
रेमेदिओसचं दुकान म्हणजे निळी ताडपत्री,
एक टेबल, आणि खिळ्याला टांगलेला
टोक उडालेला स्क्रूड्रायव्हर.
"बाबांचा," ती म्हणाली. "विकायचा नाही."

मी शाळेचा रात्रीचा पहारेकरी, वय एकोणसाठ.
चार नंबरच्या खोलीतला संगणक बंद पडला होता;
मुख्याध्यापक म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.
मी त्याचा पॉवर सप्लाय काढून पोत्यातून आणला,
कोंबडी आणावी तसा.
तिनं डबा हलवला, हुंगला, आणि विचारलं:
दुरुस्त करून हवाय, की शिकायचंय?

बोलून बसलो.

चार गुरुवार तिनं त्याच्या स्क्रूला हात लावू दिला नाही.
बॅटरीच्या रेडिओवर डाग द्यायला बसवलं.
माझे डाग म्हणजे लामाच्या लेंड्या.
ती हसली नाही, नुसतं "पुन्हा" म्हणाली.

पाचव्या गुरुवारी: अंगठी काढा.
एकतीस वर्षांची अंगठी. साबण लावून काढली.

तपासायला तिनं एकदा प्लग लावला, काढला.
मग डबा उघडला आणि माझं मनगट धरलं.
"वायर काढली म्हणजे संपलं असं नसतं, दोन तेओदोसिओ.
तो कोपऱ्यातला जाडा बघा, काळ्या कोटातला.
सव्वातीनशे व्होल्ट पोटात धरून बसतो.
पंखा थांबला, दिवा विझला, आणि हा जागा."

मी पहारेकरी. मला हे लगेच कळलं.

"डावा हात खिशात. दोन्ही हात आत गेले
की विजेची वाट छातीतून जाते."
खिशात कोकाची चार पानं होती, ती चुरगळत राहिलो.

बाबांनी त्या जाड्याचे दोन पाय
स्क्रूड्रायव्हरनं जोडले होते, घाईत.
पलीकडची बटाटेवाली अजून सांगते तो आवाज.
आम्ही घाई केली नाही. रबर चढवलेल्या चिमट्यांनी
रेझिस्टर धरला, आणि मीटरवर नजर.
दोनशे नव्वद.
एकशे दहा.
चाळीस.
नऊ.
दोन.
दोनलाही ती लगेच हो म्हणाली नाही.

आमच्या आयमारात गेलेला काळ डोळ्यांपुढे असतो,
येणारा पाठीमागे, कारण तो दिसत नाही.
आई हे सांगायची, मी मान डोलवायचो.
त्या दुपारी गेलेला काळ समोर बघितला,
आकड्यांत, उतरताना.

फ्यूज काळा पडला होता. मी म्हटलं, तार घालू या, चालेल.
तिनं पक्कड खाली ठेवली.
"फ्यूज गुन्हेगार नाही, साक्षीदार आहे.
तो कशानं मेला ते आधी विचारा.
तार घालाल तर पुढच्या वेळी साक्ष द्यायला
तुमची शाळा जळेल."

विचारलं. दुसऱ्या बाजूचे दोन छोटे कॅपॅसिटर
डोक्यावर फुगलेले, शिळ्या पावासारखे.
ते बदलले; पट्टी कुठल्या बाजूला, तीनदा बघितलं.

मग शंभर वॉटचा बल्ब मालिकेत जोडला, आणि प्लग.
बल्ब भक्कन पेटला. पेटलेलाच राहिला.
मी खूश.
"काढा!" ती ओरडली. "आत कुठेतरी शॉर्ट आहे."
पुन्हा थांबणं, पुन्हा चिमटे, पुन्हा दोन.
ब्रिज डायोड गेलेला. तो मिळाला सातव्या गुरुवारी,
एका फुटक्या टीव्हीच्या पोटात.

या वेळी बल्ब एकदा लख्ख झाला
आणि मावळला.
आयुष्यात पहिल्यांदा दिवा विझला
म्हणून मी टोपी काढली.
झाकण लावून हिरवी तार काळीला टेकवली.
पंखा आधी कुरकुरला, मग फिरला,
धूळ सगळी माझ्या तोंडावर.

पैसे घेतले तिनं, पूर्ण. घासाघीस चालली नाही.

आता चार नंबरच्या खोलीत रात्री कोणी नसतं.
मी कुलूप लावतो, आणि तिथेच
जरा उभा राहतो, डावा हात खिशात.
अंगठी अजून साबणाच्या बशीतच आहे.
घालेन. उतरू दे.