विषय क्रमांक सात

नळाच्या पाइपांचं भांडण मिटेतो
पावणेबारा वाजले होते.
मग मी वाचलं: विषय क्रमांक सात,
लोलयेच्या सड्यावरचे मोकाट घोडे, संख्या अकरा.
मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं.
बमू झोरे हसला नाही.

म्हणाला, म्हैस गवत जिभेनं ओढते,
घोडा दातांनी मुळाशी भादरतो.
त्याच्या मागून माझ्या म्हशींनी काय, कातळ चाटायचा?
एफिजेनियाबाईंनी पिशवीतून
खुरानं फुटलेलं कलिंगड काढलं
आणि टेबलावर ठेवलं, माझ्या रजिस्टरशेजारी.
सभा संपेपर्यंत ते पाझरत राहिलं.
सरपंच एकदा घड्याळाकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते.

मोरजीहून आलेला क्लबवाला नीट बोलला.
आठ दत्तक घेतो. तीन महिन्यांत खोगीर चढेल,
मुलं रपेट शिकतील,
दाणा, नाल, डॉक्टर, सगळं आमचं.
उरलेले तीन थकलेले आहेत,
त्यांचं पंचायतीनं बघावं.
दारातच बसलेली सत्यवती पागीण म्हणाली,
दत्तक पोराला मांडीवर घेतात रे बाबा,
तू तर दत्तकाच्याच पाठीवर बसतोस!
सभा इतकी हसली
की तो ठराव तिथंच लंगडा झाला.

डॉक्टर म्हणाले, नरांची नसबंदी, वर्षाला एकदा मोजणी.
पैशाचं कुणी विचारलं नाही,
सगळे छताच्या पंख्याकडे बघू लागले.
कॉलेजात जाणारी शमिका उठली,
राहू द्या ना त्यांना. मोकळे आहेत ते.
बमूनं वळून अगदी हळू विचारलं,
बाय, मे महिन्यात सड्यावर पाणी कुठं असतं?

ठाऊक होतं सगळ्यांना.
गेल्या मे महिन्यात पाण्याच्या वासानं
एक शिंगरू चिरेखाणीत उतरलं,
त्याला वर चढता आलं नाही.
चार दिवस खालून आवाज येत होता.
पाचव्या दिवशी आम्ही सगळे दोर घेऊन गेलो.

जमीन कोमुनिदादची. घोडे कुणाचे?
हॉटेलातल्या लग्नांसाठी बेळगावहून आणलेले.
टाळेबंदी लागली, नवरदेव यायचे थांबले,
ठेकेदारानं एका रात्री सड्यावर
टेम्पोचं फळकं पाडलं.
त्याचा फोन अजून लागतो.
तो उचलत नाही.

निर्णय: पुढील सभेत.

मोजणी मीच केली होती, बमूबरोबर,
आदल्या संध्याकाळी.
काजूला मोहर, गवत वाळून पिवळं,
आणि खाली पोळेच्या किनाऱ्यावर
कुणाच्यातरी लग्नाचा बँड सुरू झाला.
वारा वर येत होता.
बाकीच्यांनी कान हलवले, माना परत गवतात घातल्या.
एक पांढरी घोडी,
कपाळावर अजून आरशांच्या पट्ट्याचा वळ असलेली,
थांबली.
मग तिनं पुढचा पाय उचलला,
मग दुसरा,
मान वाकवून, बरोबर ठेक्यात,
पाठीवर फेटेवाला कुणी बसलाय
आणि त्याला पडू द्यायचं नाही
अशा बेतानं
जागच्या जागी नाचू लागली.

तिचं शिंगरू, सड्यावरच जन्मलेलं,
दोरी कधी न पाहिलेलं,
दूध सोडून चार पावलं मागं सरलं
आणि आईकडे बघत राहिलं
परक्या जनावराकडे बघावं तसं.

बँड थांबला तरी ती लगेच थांबेना.
बमूनं विडी कातळावर चुरडली,
म्हणाला, हिला कशात धरायची?
मी पेन्सिलीनं दहा लिहिलं.
खोडलं. अकरा लिहिलं.
सभेत तेच वाचलं.