एकोणीस टक्के

पहिल्यांदा मी त्यांच्या डावीकडं बसले होते.
चार प्रश्न विचारले, उत्तर नाही.
पाचव्याला त्यांनी स्टूल उचललं,
टेबलाला वळसा घालून
दुसऱ्या अंगाला ठेवलं, म्हणाले,
"आता इचारा."

सैनिक कल्याणच्या फाटकाबाहेर
मी अर्ज लिहिते. एक छत्री, एक टेबल,
कार्बन, डिंक, आणि कागद उडू नयेत म्हणून
पंचगंगेच्या घाटावरून आणलेले तीन गोटे.

भैरू सत्ताप्पा इंगवले.
गारगोटीच्या पुढचं गाव, पहाटेची गाडी.
जन्मतारीख? एक जून.
(आमच्याकडं निम्मा जिल्हा एक जूनला जन्मला.
मास्तरांनी घातली, पलटणीनं मान्य केली.)
नंबर मात्र विचारायच्या आत आला,
सगळे आकडे एका दमात,
आणि स्टुलाखाली टाचा जुळल्या.

नोकरी: सात वर्षं, दोन महिने.
पेन्शनला पंधरा लागतात.
कारण: मॉर्टर. सरावातली, लढाईतली नव्हे.
"लढाईत फुटली आस्ती तर बरं झालं आस्तं,"
हे चहा पिताना म्हणाले, तक्रार म्हणून नाही,
गाडीला जागा मिळाली असती तर बरं, असं म्हणतात तसं.
पुण्याच्या बोर्डानं कानात बॅटरी मारली,
पडदा पाहिला, आणि लिहिलं
एकोणीस टक्के.
त्या वेळी विसापासून पुढं पैसे होते.

"बाई, एक टक्का म्हंजी केवढा?"
मी बी.कॉम. आहे.
मला सांगता आलं नाही.

रकाना अकरा: उत्पन्नाचे साधन.
साखर कारखान्यावर वॉचमन, तेवीस वर्षं, रोजंदारी.
"कायम रातपाळी. ह्या कानावर झोपलो
की चोर आला तरी झोप मोडंना.
मग झोपायचंच सोडलं."
आणि आता?
आता दोन शेळ्या.
"शेळ्या लिवू नगा. त्या नातीच्या हायत."
मग निरंक लिहू?
ते गप्प.
उजवीकडूनच विचारलं होतं मी.

खाली प्रतिज्ञापत्र. मोठ्यानं वाचत गेले,
मी शपथेवर लिहून देतो की माझे उत्पन्न
अत्यल्प असून मी हलाखीत
त्यांनी हात वर केला.

एक शपथ त्यांनी आधी घेतली होती.
बेळगावला, भर उन्हात, निशाणासमोर,
आई कुंपणापलीकडं, भाकरीचं गठुडं काखेत.
तीत मरायचं कबूल होतं.
हलाखी नव्हती.

"दुसरा शबुद न्हाई?"
आहेत की. सगळे सांगून पाहिले,
विपन्न, निराधार, गरजू.
गरजू त्यांना त्यातल्या त्यात चालला.
"गरज काय, कलेक्टरला बी आस्ती."
मी गरजू लिहिलं. छापील नमुन्यात बसत नाही.
खिडकीतले घोटगे परत पाठवतील कदाचित.
मग बघू.

सही इंग्रजीत, पलटणीत गिरवलेली,
कॅपिटल अक्षरं, सुटी सुटी,
हजेरीला उभी केल्यासारखी.

आत जाऊन पोच घेऊन आले. माझे वीस रुपये.
मी नको म्हटलं.
त्यांनी नोट टेबलावर ठेवली,
वर माझाच एक गोटा ठेवला.
"मागणं फुकटाचं हाय, बाई.
लिवणं तरी इकत घेतो."

मग रस्ता.
दुभाजकापर्यंत ते सरळ चालले.
तिथून पुढं गाड्या डावीकडून येतात.
ते थांबले, वळले,
आणि राहिलेला अर्धा रस्ता
तोंड माझ्याकडं करून, पाठीनं पार केला,
उजवा कान गाड्यांच्या बाजूला,
पिशवी छातीशी.
एक रिक्षावाला हसला, एक थांबला.
चपलेच्या टाचेनं त्यांनी फुटपाथ चाचपला.
दोनदा. मग सापडला.