किल्ली माझ्याकडे असते

भवानी पेठेत, लाकूडबाजाराच्या पाठीमागे
हुसैनभाई तीस वर्षं बॅटऱ्या चार्ज करायचे,
तिथे आता आम्ही आहोत.
आम्ही म्हणजे कोण, हे अजून ठरलेलं नाही.
शटर मध्येच अडतं,
डावीकडून गुडघा लावावा लागतो.
येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच शिकवते.

भिंतीवर ॲसिडचे डाग.
तीनदा चुना मारला, तीनदा वर आले.
मग कुणीतरी म्हणालं, राहू देत,
हे इथलं पहिलं प्रदर्शन.

पाटी नाही.
पोस्टमन विचारतो, क्लास आहे का?
दूधवाला विचारतो, पक्षाचं ऑफिस का?
मी दोघांनाही चहा देते.

माघात थोइबी आली, इंफाळहून,
एक पत्र्याची ट्रंक आणि काळे खडू घेऊन.
आमच्या हिंदीची तिला कीव यायची, तिच्या हिंदीची आम्हाला.
आठवड्याभरात तिने तीन शब्द उचलले:
हळू. असू दे. मग?
तेवढ्यावर सगळ्या पेठा हिंडली.

कसब्यात दिगंबर तांबटांच्या दुकानी जाऊन बसायची.
ते घंगाळ मठारत.
हात थांबला की ही पुढे सरकायची,
तांब्यावर पातळ कागद धरून खडू फिरवायची,
आणि ठोके उमटत जायचे
माशाच्या खवल्यांसारखे, रांगेनं.

चैत्रात उद्घाटन. सतरा माणसं.
त्यातली चार बाजारातली, पंखा आहे म्हणून.
दिगंबरकाका इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात नारळ;
कुठे फोडायचा ते कळेना,
तसाच धरून हिंडत राहिले.
मधल्या कागदाशी थबकले.
'हा ठोका चुकलाय.
त्या दिवशी थोरल्याचा फोन आला होता,
दुकान विकू म्हणत होता.'
थोइबी म्हणाली, असू दे.
'असू दे काय?'
ती म्हणाली, मग?

दुसऱ्या दिवशी मी गुडघा लावतेय तोच काका हजर.
पिशवीत हातोडी, ऐरण, कोरा पत्रा.
म्हणे, तो ठोका परत मारून बघतो.

दुपार झाली. पत्रा भरत आला.
पंचेचाळीस वर्षं नीट पडलेला हात
मुद्दाम चुकेना.
काका चिडले, घाम पुसला,
हातोडी तिच्या हातात दिली.
तिचा एकही ठोका जागेवर पडला नाही.
काका खाली बसले आणि इतके हसले
की बाजारातली माणसं करवत थांबवून बघायला आली.

तो पत्रा आता मीटरच्या शेजारी टांगलाय,
अर्धा त्यांचा, अर्धा तिचा.
कुणाचं नाव लिहायचं यावर दोन बैठका झाल्या,
चहाच संपला.

थोइबी गेली. भाडं दोन महिने थकलंय.
हुसैनभाई येतात, भाड्याचं बोलत नाहीत,
डागांकडे बघत बसतात.
पुढच्या महिन्यात कुणी सेनेगलचा येतोय म्हणे,
मातीत काम करणारा.
त्यांना विचारायचंय,
मागची ॲसिडची टाकी किती पाण्यानं धुतली
तर तिच्यात माती भिजवता येईल.