नाक पाहून मोती

बस, तिमिप्रे. स्टूल डळमळतं, डावीकडे रेलू नकोस.
कागद दे इकडे.
नऊ लाख नायरा, आणि त्यातले सहा
एकट्या ग्राफिक्स कार्डाला?
उरलेल्या तिनात प्रोसेसर, बोर्ड, रॅम, डिस्क, पेटी,
आणि पॉवर सप्लायपुढे तू नुसतं लिहिलंयस, "कुठलाही".

ह्या "कुठलाही"वर मी बावीस वर्षं जेवतेय.

बाहेर ओतिग्बा रस्ता ओरडतोय, ऐक.
जो तो बाही ओढतो, चार्जर, लॅपटॉप, ओरिजिनल, मॅडम ओरिजिनल!
तिथं तुला सहा लाखांचं कार्ड हसत हसत देतील,
वर थंड पाण्याची पिशवीही देतील.
नाकापेक्षा मोती जड झाला तरी
विकणाऱ्याचं नाक कुठं ओघळतंय?

मला सांग, घरी पडदा कुठला आहे?
काकाच्या बँकेनं भंगारात काढलेला?
सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा?
म्हणजे हे कार्ड दीडशे काढणार
आणि नव्वद दाराबाहेर तिष्ठत राहणार,
त्याच बँकेच्या रांगेसारखी.

आणि हा चार कोअरचा म्हातारा?
पाच शत्रू एकदम भिंतीवरून उतरले
की हिशेब ह्यानंच करायचा.
तो बोटं मोजत बसणार,
कार्ड रंगात कुंचला बुडवून त्याची वाट बघत बसणार,
आणि तू कार्डाला शिव्या देणार.
घोडं कुठं पेंड खातं ते आधी बघावं, पोरा.
घोडा मग बदलावा.

सहा कोअर घे. रॅम आठ-आठच्या दोन पट्ट्यांत,
एकच सोळाची नको; दोन वाटा असल्या की गर्दी होत नाही.
बोर्ड साधा. त्यावरचे दिवे तू बघणार नाहीस,
मी बघणार नाही, पाली बघतील.

कार्ड हे.
ह्याला आम्ही तोकुन्बो म्हणतो,
समुद्रापलीकडे वापरून इथं उतरलेला माल.
परदेशात जन्मून घरी आलेल्या मुलालाही हेच नाव ठेवतात.
माझ्या धाकट्या भावाचं आहे. लीड्सला जन्मला,
इथला उकाडा पहिलं वर्षभर सोसला नाही त्याला,
सारखा फरशीवर पालथा पडलेला असायचा.
कार्डांचंही तसंच. आतली पेस्ट वाळून खडू झालेली असते.
खरवडायची, नवी लावायची, दुपारभर राबवायचं.
हे मी परवापासून राबवतेय. हात लाव. कोमटच आहे ना?

आता तुझं "कुठलाही".

दुकान नवं होतं. एका पोराला मी असाच बसवून दिला,
हलका, पोकळ, लेबलावर सातशे वॅट.
आठ हजार वाचवले होते मी त्याचे. शाबासकी घेतली होती.
रात्री एकला लाइट आली, ती एकटी आली नाही.
सकाळी तो पेटी घेऊन दारात.
ओरडला असता तर मी पण ओरडले असते,
पण तो इथंच बसला, ह्याच स्टुलावर,
आणि जळकी केबल बोटांभोवती गुंडाळत राहिला,
सोडायचा, परत गुंडाळायचा.

म्हणून हा जड आहे. साडेसहाशे, खरे साडेसहाशे.
कार्डातून कापू, डब्यातून कापू, ह्यातून नाही.
स्टॅबिलायझर वेगळा. नाही, उधार नाही.

स्क्रू घट्ट कर. इतका नको, चहाच्या बरणीचं झाकण समज.
थोडा परत उलटा.
हं.

गेली लाइट. जायचीच होती.
थांब, एकेक जनरेटर खोकायला लागेल,
आमचा सगळ्यात शेवटी, त्याला दमा आहे.
तोवर कणीस खा, खोबऱ्याचा तुकडा आहे त्यात.
तुझे अकरा हजार उरलेत. मोज.

आला.
दाब बटण.
पडद्याकडे काय बघतोस, पंख्याकडे बघ आधी,
दोन्ही फिरतायत? तिसरा?

आणि ती केबल ठेव खाली.
दे, मी गुंडाळते.