काळी चार

महाराणी रोडवरच्या तिसऱ्या दुकानातही
पोरगा तेच म्हणाला : अंकल, छाती हलली की नाही?
हलली. काउंटरची काच हलली, कटिंगचा ग्लास हलला,
बाहेर स्कूटरवर बसलेला माणूस वळून बघायला लागला.
दोनशे वॅट, पोरगा म्हणाला.
चौतीस वर्षं मी विद्युत मंडळात मीटर वाचले, बाळा,
वॅट मला शिकवू नकोस.
ते बिलात येतात.

म्हटलं, कमी कर. अजून. अजून कमी.
त्याने बटण फिरवलं तसं गाणं हळू झालं नाही,
नुसतं लांब गेलं,
मागच्या गल्लीतल्या लग्नासारखं.
थाप उरली, बोटं गेली.
बाई गात होत्या पण श्वास घेत नव्हत्या.
इतकं हळू कोण ऐकतं, अंकल?

काय सांगणार.
सुदामा नगरात दोन खोल्या, मधली भिंत साडेचार इंची,
तिच्या पलीकडे निर्मला,
कंबरेला शेक घेऊन कशीबशी बाराला डोळा लागलेली.
वरच्या मजल्यावर भागवतांची नात, डॉक्टरकीच्या परीक्षेला बसलेली,
तिची खुर्ची सरकते तीही मला ऐकू येते.
आणि माझ्याकडे एक कॅसेट,
रामबागेत कुणाच्या तरी गच्चीवरची बैठक, ब्याऐंशी साल असेल.
लेबलवर बाईंचं नाव नाही.
काकाच्या अक्षरात फक्त : काळी चार.

सियागंजच्या मागे हमीदभाई रेडिओ दुरुस्त करायचे,
आता काय मिळेल ते करतात.
त्यांनी फळीवरून दोन लाकडी खोकी काढली, डब्याएवढी,
आत कागदाचा कोन, कडेला नवं रबर.
पंखा बंद केला. शटर गुडघ्यापर्यंत ओढलं.
म्हणाले, इनको चिल्लाना नहीं आता, बाऊजी.
मग बटण जेमतेम हललं, नखभर,
आणि अंधारात कुणीतरी बशीत कप ठेवला.
मी दचकून मागे पाहिलं.
कप कॅसेटमध्ये होता.

चार हजार दोनशे.
निर्मलाला तीन सांगितले.

पहिल्या रात्री एक वाजता कळलं की घरात फ्रिज आहे.
म्हणजे होताच, अकरा वर्षं.
पण मंडळाच्या माणसाला तरी ओळखू यायला हवं होतं :
पन्नास सायकलची वीज, तिची शंभराची भुणभुण,
पांढरी पाचच्या जरा वर,
बाईंच्या काळी चारच्या जरा खाली.
तानपुरा एका दारातून आत यायचा,
फ्रिज दुसऱ्या दारात उभा,
आणि त्या दोघांच्या फटीत माझं सगळं गाणं चेंगरलेलं.
उठलो. अनवाणी गेलो. प्लग काढला.

मग काय सांगू.
बांगडी मागे सारल्याचा आवाज.
खर्जाची तार लागून सुटेपर्यंतचा तिचा थरथराट.
समेच्या अर्धी मात्रा आधीच 'अहा' म्हणणारा कुणी उतावळा.
दुसऱ्या आवर्तनात बाई खोकल्या, थांबल्या,
आणि जिथे थांबल्या तिथे परत आल्याच नाहीत,
एक स्वर सोडून पुढच्याला धरलं,
बस सुटू नये म्हणून एक पायरी गाळावी तसं.
वरची खुर्ची सरकली. बाईंना चालली असावी.

प्लग लावायचा राहिला.
सकाळी दूध नासलं. वैशाखातलं इंदूर, दुसरं काय होणार.
निर्मला काही बोलली नाही.
फडक्यात बांधून पनीर टांगलं नळाला,
टप टप टप, तीनतालात नव्हतं पण.
मी पेपर वाचत असल्यासारखा पेपर धरून बसलो.

दुपारी मटार सोलताना म्हणाली,
त्या खोकल्यामुळे थांबल्या,
की पुढचं विसरल्या हो?

मी तिच्याकडे पाहिलं. ती मटारांकडे पाहत होती.

रात्री झोपायला जाण्याआधी
तिने दुधाचं पातेलं पाणी भरलेल्या परातीत ठेवलं,
वर ओलं फडकं टाकलं,
आणि जाताना फ्रिजचा प्लग
स्वतःच काढला.