मागच्या बाजूला

मागच्या दारानं चढायचं हे कळलं,
कारण पुढचं उघडलंच नाही.
पायरीपाशी एका यंत्रानं जीभ काढली,
कागदाची, इवलीशी, तिच्यावर ९.
मला वाटलं, हेच तिकीट. फुकटच की.

ते तिकीट नव्हतं.
ते फक्त सांगत होतं, हा माणूस इथे चढला.

ड्रायव्हरच्या डोक्यावर एक फळा,
आकड्यांचे चौकोन, चौकोनाखाली येन.
अकिताच्या त्या खोऱ्यात बस पूल ओलांडे
आणि सगळे आकडे एकदम कूस बदलत.
१ खाली सातशे चाळीस, ४ खाली सहाशे दहा,
९ खाली अजून एकशे ऐंशी.
आपलं देणं असं सगळ्यांदेखत, दिव्यांनी लिहिलेलं,
थांब्याथांब्याला वाढताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.
दचकत कुणीच नव्हतं.
४ नंबरची आजी तर
मांडीवरच्या मुळ्याच्या जुडीवर हात ठेवून झोपली होती.

मुलीनं बजावलं होतं: पैसे उतरताना. सुटे ने.
ती इथे भातशेतीची माती तपासते,
मला माझ्या वयाची माणसं तपासतात तेवढंच कळतं.
गरम पाण्याच्या झऱ्यापाशी मी उठलो.
चारशे तीस.
खिशात दहा हजारांची एकच नोट, करकरीत.
यंत्रानं ती हुंगली आणि परत दिली.
तीनदा.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.
पांढऱ्या हातमोज्यांत माइक धरून काहीतरी बोलला,
आणि अख्खी बस पिशव्या चाचपू लागली.
एका शाळकरी पोरानं नाण्यांची मूठच पुढे केली.
आजी जागी झाली, हजाराच्या नोटा मोजल्या,
सातच निघाल्या.
ती माझ्यापुढे वाकली,
जणू तीन कमी पडल्या हा तिचाच गुन्हा.

मग ड्रायव्हरनं माझी चिठ्ठी घेतली,
मागच्या बाजूला ४३० लिहिलं, खाली दोन अक्षरं,
परत दिली, आणि पुढचं दार उघडलं.

आमच्याकडे एसटीचा कंडक्टर
तिकिटामागे बाकी लिहून देतो,
आणि गाव येईस्तोवर आपण त्याच्यावर डोळा ठेवून बसतो.
इथे येणं त्यांचं होतं
आणि उतरून चाललो होतो मी.

संध्याकाळी मुलगी गाडी घेऊन आली.
रात्री मी हिशेब मांडला:
चारशे तीस फेडायला
जायला चारशे तीस, यायला चारशे तीस.
ती हसली.
जकात नाक्यावर एकतीस वर्षं काढली मी,
असला हिशेब घेऊन कुणी आला असता
तर त्याला बाजूला उभा केला असता.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच थांबा, तोच ९.
ड्रायव्हर मात्र बाई होती.
मी दोन्ही चिठ्ठ्या दाखवल्या, एक उलटी करून.
तिनं ती डोळ्यांजवळ नेली, वाचलं, "कुमागाई-सान,"
आणि वायरलेसवर कुणाशी तरी बोलली.
पलीकडून कोणीतरी बराच वेळ काही म्हणालं नाही.
मग एक लांब "हाऽऽय".

डब्यात नाणी पडली, पट्ट्यावरून सरकत गेली,
आधी आजची, मग कालची.
कोणती कुठली हे डब्याला ठाऊक नव्हतं.

वळलो तर ४ नंबरची आजी. मुळ्याऐवजी आज कांद्याची पात.
मला ओळखून ती हातरुमालाची गाठ सोडू लागली.
आत हजाराच्या नोटा, इस्त्री केल्यासारख्या.
एकेक करत माझ्यासमोर मोजल्या,
इची, नी, सान,
बरोबर दहा.

कालपासून बाळगत होती.
मी पुन्हा भेटेन की नाही, कोणास ठाऊक.

आणि माझ्याकडे आता
मोठी नोट उरली नव्हती.