मानस

पहिल्या निबंधात मी अथांग सागर घातला,
सोनेरी किरणं, शुभ्र शिडं.
पिसाळ बाईंनी समासात लिहिलं:
‘तुमच्या चोडणात समुद्र कुठला गं?’

रायबंदरहून फेरीबोट सुटली
तरी वही मांडीवर उलटीच.
शेजारच्या स्कूटरवाल्याने काही विचारलं,
मी ऐकलं नाही.

दुसऱ्यांदा बाबांबद्दल लिहिलं.
ओहोटी लागली की, रात्री दीडला,
बॅटरी घेऊन मानशीला जाळं लावतात.
बाईंनी ‘मानस’भोवती लाल गोल काढला:
‘कोणाचं मन?’

बाई साताऱ्याच्या. मी आधी खूप हसले.
मग त्या रात्री बाबांच्या मागून गेले,
बांधावरून, चिखलात एक चप्पल घालवून.

तिसऱ्या खेपेला नुसतं दार लिहिलं:
भरतीला मिटणाऱ्या दोन लाकडी झडपा,
खाजनातलं पाणीच ज्यांना ओहोटीला आतून ढकलतं.
कोळंबी दीड किलो.
बाबांचा उजवा गुडघा, जो वाकत नाही.
शेवटी मनाच्या दाराबद्दल एक सुंदर वाक्य होतं.
ते मीच खोडलं, इतकं
की कागद फाटला.

वही परत आली. लाल काहीच नाही.
त्या भोकाशेजारी फक्त, पेन्सिलीने, बारीक:
‘इथे काय होतं?’

अजून सांगितलेलं नाही.